किनाऱ्याला लागणारी जहाजे

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा बहुतेकांची समजूत अशी झाली की, हे बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ मुदत ठेवी आणि मृत्युपत्र यांवर बोलणार. मृत्युपत्रावर पुढच्या वर्षी बोलेन, तोवर कोणी घाई करू नये. आज मी नौदलाच्या एका वेगळ्या जातीच्या जहाजांवर बोलणार आहे. बुलढाण्यात बसून जहाजांवर बोलायचं म्हणजे जरा विनोदच वाटेल. मुंबईचा समुद्र इथून चारशे किलोमीटरहून लांब, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो लग्नानंतर नाहीतर एलटीसीवर पाहिलेला. पण कारण तसंच आहे.

आपल्या सोसायटीतली एक मुलगी नौदलाच्या अग्निवीर भरतीची तयारी करते आहे. तिचं नाव मी घेत नाही. तिने घेऊ नका म्हटलं आहे, आणि तसंही ते सगळ्यांना माहीत आहे. तिच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. आई म्हणते जाऊ द्या, आजी म्हणते नको. मागच्या महिन्यात आजींनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "भाऊ, त्या जहाजावर पोरीले नेमकं काय करा लागते?" प्रश्न अगदी रास्त होता. मंडपात देशभक्तीवर बोलणारे पुष्कळ भेटतात, पण या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही. माझा पुतण्या पंधरा वर्षं नौदलात होता. त्यातली बरीच वर्षं तो याच जातीच्या जहाजांच्या इंजिनखान्यात होता. २०१८ साली तो निवृत्त झाला. त्याच्याकडून ऐकलेलं, विशाखापट्टणमला जाऊन स्वतः पाहिलेलं आणि नंतर वाचून पडताळलेलं असं सगळं मिळून आजींना उत्तर देतो. बाकीच्यांनीही ऐकावं.

जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदर येतं. धक्का असतो, शिडी लागते, माणसं उतरतात. पण जिथे धक्काच नाही, नुसती वाळू आहे, तिथे पाचशे जवान, त्यांच्या गाड्या आणि रणगाडे उतरवायचे कसे? त्यासाठी ही जहाजं असतात. त्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारचं जहाज स्वतःच वाळूवर चढतं. दुसऱ्या प्रकारचं मोठं जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि पोटातून लहान बोटी सोडतं.

नावं बघा कशी ठेवली आहेत. 'मगर' आणि 'घडियाल', दोन्ही पाण्यात राहणारे आणि काठावर येऊन पडणारे प्राणी. त्यानंतरची तीन जहाजं 'शार्दूल', 'केसरी' आणि 'ऐरावत'. ही कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात बांधली आणि २००७ ते २००९ या काळात नौदलात आली. लांबी सव्वाशे मीटर, वजन साडेपाच हजार टनांच्या आसपास, आणि पोटात अकरा रणगाडे व पाचशे जवान मावतात. 'मगर' १९८७ ची. छत्तीस वर्षं नोकरी करून मे २०२३ मध्ये ती सन्मानाने निवृत्त झाली. बँकेत आम्हालाही एवढीच मिळते.

आता वाळूवर चढतं म्हणजे काय, ते नीट सांगतो, कारण सगळी गंमत आणि सगळा धोका तिथेच आहे. साध्या जहाजाचा तळ खाली निमुळता असतो, म्हणून ते लाटा कापत जातं. या जहाजाचा तळ जवळजवळ परातीसारखा सपाट. त्यामुळे उथळ पाण्यात ते चालतं, पण खवळलेल्या समुद्रात असं डोलतं की विचारू नका. जहाजाच्या पोटात दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या असतात. किनारा जवळ आला की पुढच्या टाक्या रिकाम्या करून नाक वर उचलतात आणि मागचा भाग दाबून ठेवतात. मग किनाऱ्यापासून ठरावीक अंतरावर मागचा नांगर टाकतात आणि त्याची तार सोडत सोडत हळूहळू वाळूवर जातात. पुढचे दोन दरवाजे उघडतात, उतरंड खाली येते आणि रणगाडे बाहेर पडतात. आत घेतानाच ते उलटे घेतलेले असतात, म्हणजे बाहेर पडताना तोंड किनाऱ्याकडे. काम झालं की मागच्या नांगराची तार यंत्राने ओढून घेतात, आणि जहाज स्वतःला मागे खेचून पाण्यात नेतं.

आपल्याकडे पैनगंगेच्या पात्रातून बैलगाडी काढलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. उतारावर गाडी सोडताना मागे दोर धरणारा माणूस लागतोच. तो नसेल तर गाडी जाईल, पण परत येणार नाही. शिवाय भरती-ओहोटीचं गणित असतं. भरती चढत असताना लागलं तर पाणीच जहाजाला पुन्हा उचलतं. ओहोटीत लागलं तर पुढची भरती येईपर्यंत उघड्या वाळूवर बसून राहायचं, आणि लढाईत तसं बसून राहणं परवडत नाही.

डिसेंबर महिन्यात, नौदल दिनाच्या सुमाराला, विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर याची प्रात्यक्षिकं होतात. पुतण्याने आम्हा दोघांना त्यासाठी बोलावलं होतं. समुद्रातून बोटी आल्या, फळी पडली, गाड्या वाळूवर आल्या. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. आमची मंडळी म्हणाली, "एवढंच?" पुतण्या हसून म्हणाला, "काकू, एवढंच दिसावं म्हणून दोन महिने घासतो आम्ही."

घासलं नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९७१ चं युद्ध आठवतं का? मी तेव्हा कॉलेजात होतो. 'विक्रांत'च्या बातम्या रेडिओवर कान लावून ऐकायचो. त्याच युद्धाच्या अगदी शेवटी बांगलादेशातल्या कॉक्स बाझारजवळ सैन्य उतरवायचं ठरलं. पाकिस्तानी सैन्य ब्रह्मदेशाकडे निसटू नये, हा हेतू. गुरखा पलटण 'विश्व विजय' या व्यापारी जहाजावर कलकत्त्याहून निघाली. वाटेत भर समुद्रात तिला 'घडियाल' आणि 'गुलदार' या त्या वेळच्या उतरवण्याच्या जहाजांवर घेतलं. (ही 'घडियाल' जुनी, आत्ताची वेगळी.) किनाऱ्याची पाहणी पुरेशी झालेली नव्हती. पुढे वाळूचा दांडा होता आणि त्याच्यामागे खोल पाणी. जहाज दांड्यावर टेकलं, माणसं पाठीवर ओझं घेऊन उतरली, आणि समोर जमीन असेल असं वाटत असताना पायाखाली पाणी लागलं. दोन जवान बुडाले. समोर शत्रू नव्हता, एक गोळी सुटलेली नव्हती. बाकीच्यांना मग स्थानिक होड्यांतून किनाऱ्यावर न्यावं लागलं.

विजयाच्या आनंदात ही हकीकत मागे पडली. ढाक्याची शरणागती आपल्याला पाठ आहे, कॉक्स बाझार माहीत नाही. पण नौदलातल्या लोकांनी ती विसरली नाही, असं पुतण्या सांगतो. किनारा आधी पाहून येणारी, वाळूचा उतार आणि पाण्याची खोली मोजणारी माणसं किती महत्त्वाची, हे त्याला नवखा असतानाच शिकवलं होतं.

या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, हेही सांगायला हवं. जिजाऊंचं माहेर आपल्या जिल्ह्यातलं, त्यामुळे त्यांच्या मुलाबद्दल बोलायचा आपला हक्क थोडा जास्तच. १६६५ साली शिवाजी महाराज स्वतः मालवणहून जहाजात बसले, पंच्याऐंशी लहान गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन दक्षिणेला गेले आणि बसरूर हे श्रीमंत बंदर त्यांनी लुटलं. परतताना गोकर्णाला दर्शन घेतलं. किल्ल्यांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो, ही स्वारी सांगत नाही. वास्तविक सैन्य समुद्रावरून नेऊन अचानक दुसऱ्या किनाऱ्यावर उतरवायचं, हेच या जहाजांचं काम. अरबी समुद्रात उलट वारा लागला की काय होतं, याचा अनुभव त्यांनाही परतीच्या वाटेवर आला. १९६१ च्या गोवा मुक्तीतही अंजदीव बेटावर नौसैनिकांची तुकडी बोटींतून उतरवली, आणि त्यात नौदलाचे सात जण गेले. त्या काळी आपल्याकडे आजच्यासारखी जहाजं नव्हती.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे 'जलाश्व'कडे येतो. माझा सगळ्यात आवडता विषय हाच, कारण इथे हिशेब आहे.

'जलाश्व' आपण बांधलेली नाही. अमेरिकेत सिएटलला बांधलेलं हे जहाज १९७१ साली 'ट्रेंटन' या नावाने त्यांच्या नौदलात दाखल झालं. १९९१ च्या जानेवारीत सोमालियाची राजधानी मोगादिशू पेटली होती, तेव्हा तिथल्या अमेरिकी वकिलातीतून २८१ जणांना बाहेर काढणाऱ्या दोन जहाजांपैकी हे एक. २००६ साली लेबनॉनमधूनही त्याने माणसं काढली. आपल्याला मात्र अशा मोठ्या जहाजाची उणीव डिसेंबर २००४ च्या सुनामीत जाणवली. अंदमान-निकोबारचे धक्के वाहून गेले होते, धान्य-औषधं उतरवायची कुठे? मग जुनं जहाज घ्यायचं ठरलं. २००७ मध्ये सुमारे पावणेपाच कोटी डॉलरांना 'ट्रेंटन' आपल्याकडे आलं आणि 'जलाश्व' झालं. हेलिकॉप्टरांचे पैसे वेगळे.

छत्तीस वर्षं वापरलेली वस्तू! माझ्यापुढे कर्जाचा असा प्रस्ताव आला असता, तर मी आधी यंत्राची पाहणी मागितली असती. महालेखापरीक्षकांनी २००८ मध्ये नेमकं तेच म्हटलं. खरेदीत घाई झाली, जहाजाची तपासणी पुरेशी झाली नाही, आणि अमेरिकेने वापरावर अटी घातल्या आहेत, असे आक्षेप अहवालात होते. ऑडिटवाल्यांची मी आयुष्यभर भीती बाळगली आहे, पण माझं मत सांगतो. त्यांचा आक्षेप पद्धतीवर होता आणि तो बरोबर होता. वस्तू मात्र कामाची निघाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. बँकेत अशी खाती मी पाहिली आहेत, कागद कच्चे आणि शेतकरी पक्का.

'जलाश्व' जवळजवळ १७४ मीटर लांब आहे. आपल्या चारही इमारती एका रांगेत उभ्या केल्या तरी कदाचित तेवढी लांबी भरणार नाही. मागच्या बाजूला पोटात एक हौद आहे. आत चार मोठ्या उतरवण्याच्या बोटी कोरड्या उभ्या असतात. वेळ आली की जहाज टाक्यांत पाणी भरून आपली मागची बाजू खाली बुडवतं, हौदात समुद्र आत येतो, बोटी आपोआप तरंगतात, मागचा दरवाजा उघडतो आणि त्या बाहेर पडतात. वर हेलिकॉप्टरांसाठी मोकळं अंगण. एक हजारापर्यंत जवान नेता येतात. मुद्दाम स्वतःला बुडवणारं जहाज, ही कल्पना मला पहिल्यांदा ऐकली तेव्हा खरी वाटली नव्हती.

आता आजींचा प्रश्न. माणसं तिथे जगतात कशी?

झोपायला एकावर एक तीन फळ्या. खिडकी नाही. बाहेर दिवस आहे की रात्र, हे घड्याळावरून कळतं. काम चार-चार तासांच्या पाळीने, पण दुपारी चार ते आठचे दोन तुकडे करतात, चार ते सहा आणि सहा ते आठ. त्यामुळे पाळ्या रोज सरकतात आणि मध्यरात्रीची पाळी एकाच माणसाच्या नशिबी कायमची येत नाही. आपल्या वॉचमनला आपण सलग बारा तास बसवतो. सचिव महोदय, हे सहज सांगितलं.

'जलाश्व' वाफेवर चालते. दोन बॉयलर, त्यांची वाफ टर्बाइनवर. खामगावच्या जुन्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये उन्हाळ्यात ज्यांनी काम केलं आहे, त्यांना त्या उष्णतेची थोडी कल्पना येईल, फक्त इथे बाहेर येऊन झाडाखाली बसता येत नाही. पुतण्या म्हणायचा, अंगातला सदरा पिळला की बादलीत पाणी पडायचं. आणि एवढं करून आंघोळीला गोडं पाणी मोजकंच, कारण ते समुद्राच्या पाण्यातून जहाजावरच तयार करायचं असतं. अंग भिजवा, नळ बंद करा, साबण लावा, मग पुन्हा नळ. सुट्टीवर आला की त्याच्या बाथरूममधून हा चालू-बंदचा आवाज यायचा आणि आम्ही हसायचो. येळगाव धरण आटलं की आपल्या सोसायटीत जी शिस्त दोन महिने टिकते, ती तिथे बारा महिने.

जेवण भरपूर आणि वेळेवर. समुद्र खवळला की मात्र पातेली बांधून ठेवावी लागतात. आपल्याकडे गाडी लागते म्हणतात, तिकडे बोट लागते. सपाट तळामुळे या जहाजांवर ती जास्तच लागते. नौसैनिकांना सवय होते. खरे हाल पायदळाच्या जवानांचे. चार-पाच दिवस बंद पोटात डोलत राहायचं, आणि उतरलं की लगेच ताजंतवानं होऊन धावायचं. पुतण्याच्या तोंडी पायदळाबद्दल मी कधी थट्टेचा शब्द ऐकला नाही, तो यामुळेच असावा.

रणगाडे आणि ट्रक साखळ्यांनी जखडून ठेवलेले असतात. चाळीस-पन्नास टनांचं धूड वादळात सुटलं तर जहाजाची भिंतच फोडेल. म्हणून प्रत्येक पाळीत कोणीतरी विजेरी घेऊन एकेक साखळी हाताने तपासतो. रात्री दोन वाजता, डोलत्या जहाजात, ग्रीसच्या वासात. हे काम कधी पेपरात येत नाही. आणि आजी, तुमच्या नातीला पहिली काही वर्षं मिळेल ते बहुधा असंच काम असेल. साखळी तपासणं, रंग खरवडणं, पंपाची नोंद ठेवणं. बंदूक रोज हातात येत नाही.

धोका? आहे. तो झाकून ठेवणार नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये 'जलाश्व'वरच विषारी वायूची गळती झाली आणि एका अधिकाऱ्यासह काही नौसैनिक मृत्युमुखी पडले. जहाज नौदलात येऊन वर्षही झालं नव्हतं. लढाई नाही, वादळ नाही. हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू. सांडपाणी कुजलं की हाच वायू तयार होतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यासारखी घाण येते, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं, घाण येत नाही, आणि माणसाला वाटतं गेला वाटतं वायू. पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा जातो, तो पडतो.

हे ऐकून कोणाला काही आठवलं का? आपल्याकडे जुन्या विहिरीत गाळ काढायला उतरण्याआधी म्हातारी माणसं पेटता कंदील दोराने खाली सोडत. कंदील विझला तर उतरायचं नाही. पण कंदिलाला फक्त प्राणवायू कमी असल्याचं कळतं, हा वायू कळत नाही. आणि आपल्या सोसायटीच्या मागे सेप्टिक टँक आहे. त्यात माणूस उतरवणं कायद्याने बंद आहे, तरी दर दोन-तीन वर्षांनी कोणीतरी 'एक माणूस बोलावून घेऊ' म्हणतंच. मशीनचा खर्च जास्त आहे, मान्य. मी खजिनदार असताना तो मंजूर केला होता आणि पुढेही करावा. नौदलासारख्या शिस्तीच्या ठिकाणी, प्रशिक्षित माणसांवर ही वेळ येते, तर बाहेरून पाचशे रुपयांवर बोलावलेल्या माणसाचं काय?

असो. विषय जहाजाचा.

मला या जहाजांबद्दल खरी आपुलकी वाटली ती २०२० साली. मे महिना. आपलं फाटक बंद, दुधाची पिशवी धुऊन घेत होतो. विमानं बंद होती आणि परदेशात आपली माणसं अडकून पडली होती. ८ मे रोजी 'जलाश्व' मालदीवच्या मालेहून निघाली आणि १० मे रोजी कोचीला लागली. आत ६९८ भारतीय. त्यात १९ गरोदर बाया आणि १४ लहान मुलं. शत्रूच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवण्यासाठी बांधलेलं जहाज, त्याच्या तीन मजली फळ्यांवर या बाया झोपल्या होत्या. येणाऱ्यांची जागा, त्यांची स्नानगृहं, त्यांचे रस्ते वेगळे आखले होते आणि नौसैनिक अंगभर झाकून वाढत होते. जहाजावर हवा आतल्या आत फिरते, सगळे एकमेकांना खेटून राहतात. अशा ठिकाणी साथीच्या दिवसांत सातशे परके लोक आत घ्यायचे, याला काय लागतं ते आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे. पॉझिटिव्ह शेजाऱ्याच्या दारावरून जाताना आपण श्वास धरत होतो.

तेवढ्यावर थांबलं नाही. 'मगर', 'ऐरावत', 'शार्दूल' सगळी कामाला लागली. मालदीव, श्रीलंका, इराणचं बंदर अब्बास. पंचावन्न दिवसांत ३,९९२ माणसं घरी आणली. त्याच सुमारास 'केसरी' धान्य आणि औषधं घेऊन मालदीव, मॉरिशस, सेशेल्स, मादागास्कर, कोमोरोस असा फेरा करत होती. पुढच्या वर्षी, मे २०२१ मध्ये, आपण जिल्ह्यात ऑक्सिजनच्या एकेका सिलिंडरसाठी फोन फिरवत होतो, तेव्हा 'ऐरावत' सिंगापूरहून साडेतीन हजारांवर सिलिंडर आणि द्रव ऑक्सिजनच्या आठ मोठ्या टाक्या घेऊन विशाखापट्टणमला आली. रणगाड्यांच्या जागेत सिलिंडर, त्याच साखळ्यांनी बांधलेले. जागा रिकामी, दरवाजा मोठा, उतरंड मजबूत. यामुळेच हे जहाज कशालाही चालतं.

पुतण्या तोवर निवृत्त होऊन घरी आला होता. टीव्हीवर 'जलाश्व' दिसली की उठून उभा राहायचा आणि बॉयलर कसे चालले असतील याची काळजी करायचा. बातमीत बॉयलरचं कोणी नाव घेत नव्हतं.

आता थोडं रोखीचं बोलू, कारण घरातला खरा वाद तिथेच आहे. माझ्या पुतण्याला पंधरा वर्षांची नोकरी आणि पेन्शन मिळाली. अग्निवीराला चार वर्षं. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार कापून निधीत जातात, हातात एकवीस. सरकार तेवढीच भर घालतं, आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे अकरा लाख एकाहत्तर हजार मिळतात. पेन्शन नाही. चौघांतल्या एकाला पुढे कायम करतात. उरलेल्या तिघांनी काय करायचं, हा प्रश्न आईच्या बाजूने मला सुटलेला नाही. मुलगी म्हणते, परत आले तर बावीस-तेवीस वर्षांची असेन, पदवी पुरी करेन, हातात भांडवल असेल. तिचं बोलणं मला पटतं. पण त्या भांडवलाची मुदत ठेव व्हावी, लग्नात उडू नये, हे मी आत्ताच वडिलांकडून कबूल करून घेतलं आहे. पंचवीस वर्षं शेजारी राहिल्याचा एवढा अधिकार घेतो.

मुली तिथे टिकतील का, असंही आजींनी विचारलं. ओडिशात चिल्का सरोवराकाठी नौसैनिकांचं प्रशिक्षण होतं. मार्च २०२३ मध्ये अग्निवीरांची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली, त्यात अडीचशेहून जास्त मुली होत्या. त्यांना घरापासून लांब राहायची सवय कशी झाली ते मी सांगू शकणार नाही, पुतण्याची बायको सांगू शकेल. ती विशाखापट्टणमच्या क्वार्टरमध्ये एकटी दोन मुलांना घेऊन महिनोनमहिने राहिली. जहाज समुद्रात गेलं की फोन लागत नाही. कधी येणार ते सांगत नाहीत, कुठे आहेत तेही सांगत नाहीत. धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हा ही बातमी नवऱ्याला बरा झाल्यावर कळली. ती आज सभागृहात बसली आहे. आजी, चहाच्या वेळी तिच्याशी बोला. माझ्यापेक्षा तिचं उत्तर जास्त कामाचं आहे.

एक शेवटची सूचना, मुलीसाठी. लेखी परीक्षा आणि धावणं याची तयारी तू करते आहेस, ती दिसते. पहाटे साडेपाचला तुझ्या बुटांच्या आवाजाने आमची झोप मोडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण पोहण्याचं काय? प्रशिक्षणात पोहणं येतंच, आणि आपल्याकडच्या मुलांची गाडी तिथे अडते. कोकणातली पोरं उड्या मारतात, आपली काठावर उभी राहतात. आमच्या पिढीला पाठीवर रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून द्यायचे, मग यायचं पोहायला. आता तशा विहिरी राहिल्या नाहीत, आणि आजी ढकलूही देणार नाहीत. तेव्हा या उन्हाळ्यात तलावाचा पास काढ. फी मी भरतो.